कर्ता नसलेले वाक्य

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात फुटबॉल पाहणे म्हणजे दुरून पाहणे. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याची मार्गिका आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल केवळ फुटबॉलसाठी बांधलेले नव्हते. २०११ च्या ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी आम्ही त्या अंतरावरून एक विलक्षण सामना पाहिला. एका बाजूला पुणे एफसी, वय वर्षे चार. दुसऱ्या बाजूला इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स, स्थापना १८७५. सामना मैत्रीपूर्ण होता आणि ब्लॅकबर्नने तो ३-० असा जिंकला.

आम्ही म्हणजे एका महाविद्यालयातील भाषाविभागांत शिकवणारे तिघेजण. दोघे मराठीचे, एक इंग्रजीचा. त्या संध्याकाळी आम्हाला खेळापेक्षा त्यामागचा योग अधिक गमतीचा वाटला होता. ब्लॅकबर्नचे मालक पुण्याचे होते. पुणे एफसीचे मालक मुंबईचे. ज्या क्लबसाठी आम्ही ओरडत होतो त्याचे निर्णय आमच्या गावात होत नव्हते, आणि ज्याच्या विरुद्ध ओरडत होतो त्याचे होत होते. परतीच्या बसमध्ये या गोष्टीवर आम्ही पुष्कळ हसलो. तिच्यात हसण्यासारखे फार थोडे आहे हे कळायला आम्हाला चार वर्षे लागली.

२०१५ च्या हंगामानंतर पुणे एफसी संपला. आमच्या वर्गात तेव्हा कोल्हापूरकडचा एक विद्यार्थी होता. गावी असताना तो एका तालमीच्या लहान संघात गोलरक्षण करीत असे. पुण्यात आल्यावर त्याने या क्लबला आपले म्हटले होते. वसतिगृहाच्या जुन्या चादरीवर त्याने तांबड्या रंगात 'आपला क्लब' अशी अक्षरे रंगवली होती आणि ती चादर घेऊन तो दर सामन्याला जात असे. तो विभागात आला आणि म्हणाला, "सर, क्लब बंद झाला असं पेपरात आलंय. बंद झाला, का बंद केला?"

आम्ही तेव्हा प्रयोगप्रकरण शिकवीत होतो. त्यामुळे उत्तर तयारच होते. 'क्लब बंद झाला' हा कर्तरी प्रयोग. येथे क्लब हाच कर्ता, जणू तो आपण होऊन मिटला. 'क्लब बंद केला' हा कर्मणी. येथे कोणीतरी करणारा आहे, फक्त त्याचे नाव घेतलेले नाही. 'क्लब बंद करण्यात आला' हा आधुनिक कार्यालयीन मराठीचा लाडका प्रयोग. यात करणारा इतका दूर जातो की त्याला शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विद्यार्थ्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे कोणी केला ते व्याकरणात सांगता येत नाही." आम्ही विषय बदलला. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर शोधण्याचा, उशिरा केलेला प्रयत्न आहे.

उत्तराची सुरुवात जुन्या काळापासून करावी लागते, कारण उद्योगपती आणि फुटबॉल हे नाते आपल्याकडे नवे नाही. मुंबईत मफतलाल, ऑर्के, टाटा, एअर इंडिया यांचे संघ होते. ते संघ म्हणजे गिरणीचा किंवा कंपनीचा एक विभागच असे. खेळाडूला तेथे नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी हजेरीपत्रकावर सही. संघाचे दिवस फिरले तरी पगार चालू राही. त्या व्यवस्थेत प्रेक्षकाला मात्र जागा नव्हती. कंपनीचा संघ हा कंपनीचा असतो हे सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी त्याहून वेगळे भासवीतही नव्हते. १९६२ मध्ये सुरू झालेला महिंद्रचा संघ पुढे 'महिंद्र युनायटेड' झाला, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी या गिरणीचा संघ बंद झाला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा संघ तो हाच. दोन्ही ठिकाणी संघ मैदानावर हरल्यामुळे संपला नव्हता. कंपनीने आपल्या खर्चाकडे नव्याने पाहिले होते.

पुणे एफसीचे वेगळेपण असे की त्याच्या नावात कंपनी नव्हती, गाव होते. २००७ साली अशोक पिरामल समूहाने तो स्थापन केला. २००९-१० मध्ये, आय-लीगच्या पहिल्याच हंगामात, तो तिसरा आला. २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. गोव्याचे डेरिक परेरा त्याचे प्रशिक्षक होते. मामुर्डीला त्याने निवासी अकादमी काढली आणि ती नीट चालवली. हे सगळे सांगण्याचे कारण असे की मालक वाईट होते, क्लब नावापुरता होता, पैसा चुकीच्या जागी गेला, यांपैकी कोणतेही सोपे कारण येथे लागू पडत नाही. काम मन लावून केलेले होते, आणि तरीही क्लब संपला.

मधल्या काळात खेळाचा बाजार बदलला होता. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, रिलायन्स आणि आयएमजी यांच्या संयुक्त कंपनीला दिले. त्या करारातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. चित्रपटतारे, दूरचित्रवाणी, रोषणाई हे सारे नव्या लीगकडे गेले आणि जुनी आय-लीग त्याच देशात असून पडद्याआड गेली. पुण्याच्या क्लबने आपल्या मैदानावर केलेल्या कशाचाही या कराराशी संबंध नव्हता. तरी त्याच्या आयुष्याचा हिशेब तेथेच मांडला गेला.

आणि तरीही २०१४-१५ च्या त्या हंगामात पुण्यात फुटबॉलची सुगी होती. आमच्या शहरात एकाच वेळी तीन व्यावसायिक क्लब होते. आय-लीगमध्ये पिरामलांचा पुणे एफसी. त्याच लीगमध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी. आणि सुपर लीगमध्ये वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी, ज्याच्या मालकांत हृतिक रोशनही होते. घोड्याचे चिन्ह, भगव्या छटेचा पोशाख, इटलीच्या फिओरेंतिना क्लबशी भागीदारी. तिन्ही क्लबांचे घरचे मैदान बालेवाडीच. तीन क्लबांची तीन तिकिटे आम्ही एका पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती. पाच वर्षांनी देशाच्या वरच्या दोन्ही लीगमध्ये पुण्याचा एकही क्लब उरला नाही.

यांतला भारत एफसी सर्वांत अल्पायुषी. उद्योगसमूहाला थेट प्रवेश, आणि तळाला गेला तरी खाली उतरवले जाणार नाही अशी सवलत, असे त्याचे आय-लीगमधले येणे. अकरा संघांत तो अकरावा आला. सवलतीमुळे तो वाचला आणि त्याच्या जागी दहावा आलेला गोव्याचा धेंपो क्लब खाली उतरला. धेंपो म्हणजे पाच वेळा राष्ट्रविजेता. ज्या घराण्याने तो पोसला त्याचे वैभव खाणींतून आलेले, आणि २००९ मध्ये त्या घराण्याने आपली खाणकंपनी सेसा गोवाला १,७५० कोटींना विकलेली. पाच विजेतेपदांचा क्लब खाली गेला, आणि ज्याच्यासाठी गेला त्या भारत एफसीने एका हंगामानंतर लीगमधूनच अंग काढून घेतले. आम्ही वर्गात 'दैवदुर्विलास' हा शब्द सांगताना कर्णाचे उदाहरण देतो. आता हेही देता येईल, फक्त येथे दैवाने काही केले नव्हते. नियमाच्या एका कलमाने केले होते.

तिसरा क्लब, एफसी पुणे सिटी, अधिक टिकला. २०१६ मध्ये त्याने पुणे एफसीची अकादमी आपल्याकडे घेतली, तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला थोडा धीर आला होता. त्याने चादर धुऊन पुन्हा बाहेर काढली. २०१७-१८ चा हंगाम सुंदर गेला. मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांच्या जोडीने त्या वर्षी जो खेळ केला तो आजही आठवतो. क्लब प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला आणि बेंगळुरूकडून हरला. आम्हाला वाटले, आता हे रुजले.

पण वाधवान कुटुंबाचा मुख्य व्यवसाय गृहकर्जाचा होता. १९८४ मध्ये स्थापन झालेली डीएचएफएल ही त्यांची कंपनी २०१८ च्या उत्तरार्धात, बिगर-बँक वित्तसंस्थांवर आलेल्या संकटात, रोख पैशाला मोताद होऊ लागली. २०१९ च्या जूनमध्ये तिने रोख्यांवरील व्याजाचे हप्ते चुकवले. ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटी संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसी नावाच्या नव्या क्लबला मिळाली. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने कंपनीचे संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमला आणि प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाकडे गेले.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हाला वाटते. कंपनी बुडाली तेव्हा तिच्यासाठी कायदा होता, प्रशासक होता, धनकोंची समिती होती, निविदा होत्या. ठेवीदार ओरडले, आणि त्यांचे ओरडणे कोठेतरी नोंदले गेले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ती ३४,२५० कोटी रुपयांच्या व्यवहारात पिरामल समूहाकडे गेली. हे पिरामल म्हणजे पुणे एफसीचे पिरामल नव्हेत. त्याच घराण्यातून २००५ मध्ये वेगळी झालेली दुसरी शाखा. तरी पुण्याच्या दोन क्लबांची दोन आडनावे त्या व्यवहारात अशी समोरासमोर यावीत याचे आम्हाला नवल वाटले. क्लबसाठी मात्र असे कोणतेही न्यायाधिकरण नव्हते. क्लबमध्ये आम्ही काय ठेवले होते? पाच वर्षांच्या संध्याकाळी, घसा आणि एक चादर. यांना ठेव म्हणत नाहीत. त्यामुळे आम्ही धनको नव्हतो.

लीगमधली ती जागा पुढेही फिरत राहिली. हैदराबादने २०२२ मध्ये सुपर लीगचा करंडक जिंकला, आणि वर्ष-दीड वर्षात तेथेही खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. २०२४ मध्ये मालक बदलले आणि २०२५ मध्ये तो क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली: एकच जागा अकरा वर्षांत तीन शहरांत. दरम्यान २०१० च्या कराराची पंधरा वर्षे भरत आली, नूतनीकरण होईना, आणि २०२५ च्या जुलैत आयोजकांनी सगळा हंगामच स्थगित ठेवला. एका क्लबाचे जे झाले होते ते लीगचेही होऊ शकते, एवढे त्या दिवशी सर्वांना दिसले.

आता पुन्हा ब्लॅकबर्नकडे वळू. कारण आमच्या गावच्या मालकाने तेथे काय केले हे पाहिल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही.

पुण्याच्या व्ही. एच. समूहाने, म्हणजे कोंबडी आणि अंड्यांच्या व्यवसायात ज्याला सारा देश वेंकीज म्हणून ओळखतो त्या घराने, २०१० च्या नोव्हेंबरात २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब घेतला. समूहाचे संस्थापक बी. व्ही. राव यांना भारतातील कुक्कुटपालनाचे जनक मानतात. क्लब घेतला तो त्यांच्या मुलांनी. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना काढले. क्लबच्या खेळाडूंना पोशाखासह बसवून कोंबडी खाण्याची जाहिरात केली. आम्ही बालेवाडीला पाहिलेला सामना याच काळातला, आणि तिकडच्या लोकांना तो अजिबात रुचला नव्हता: संघ लीगच्या तळाशी असताना तो मालकाच्या गावी प्रदर्शनाला का नेला? २०१२ च्या ७ मे रोजी, ज्या सामन्यात ब्लॅकबर्न खालच्या स्तरावर ढकलला गेला, त्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस प्रशिक्षकपदी होते. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या स्तरावर गेला. वर्षभरात परत दुसऱ्यावर आला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच मालकांनी या वर्षांत क्लबमध्ये वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली असे तेथील वृत्तपत्रे सांगतात. तो पैसा थांबला असता तर क्लब उभा राहिला नसता. आणि तो थांबण्याची वेळही आली. भारतात समूहाच्या परकीय चलनविषयक व्यवहारांची सक्तवसुली संचालनालयाकडून चौकशी सुरू झाली, आणि २०२३ पासून क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागण्याची वेळ मालकांवर आली. लँकेशायरमधल्या एका गिरणगावाने दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसावे, हे चित्र आम्ही कोणत्याही कादंबरीत वाचले असते तर लेखकाने अति केले असे म्हटले असते. २०२४ च्या फेब्रुवारीत क्लबने ॲडम व्हार्टनला विकले. व्हार्टन ब्लॅकबर्नचाच मुलगा, लहानपणापासून तेथेच शिकलेला. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या चमूत होता. न्यायालयातील अडचण आणि त्याची विक्री यांचा नेमका किती संबंध होता हे हिशेबनीस जाणोत. लोकांनी मात्र दोन्ही गोष्टी एका श्वासात बोलायला सुरुवात केली.

पण तेथील लोकांकडे पाहताना आम्हाला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट आणखी मागे आहे. १९९५ मध्ये ब्लॅकबर्न इंग्लंडचा विजेता झाला तो जॅक वॉकर यांच्या पैशावर. वॉकर गावचेच, लहानपणापासून या क्लबचे वेडे. त्यांनी आपली पोलादाची कंपनी सरकारी मालकीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ब्रिटिश स्टीलला विकली आणि त्या पैशाचा मोठा वाटा क्लबवर लावला. म्हणजे एका व्यावसायिक व्यवहाराने क्लबला शिखरावर नेले, आणि दुसऱ्या मालकाच्या व्यवहारांनी त्याच क्लबला न्यायालयाच्या दारात उभे केले. दोन्ही वेळा नळ एकाच्याच हातात होता. पहिल्या वेळी पाणी आले म्हणून कोणी नळाकडे पाहिले नाही. वॉकर २००० मध्ये वारले. त्यांचा पुतळा मैदानाबाहेर आहे. पुतळा उभारताना पुढचा मालक कसा असेल हा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

तरीही ब्लॅकबर्न आहे आणि पुणे एफसी नाही. हा फरक मालकांच्या गुणदोषांत शोधून सापडत नाही. गुणदोषच मोजायचे तर आमच्या पहिल्या मालकांनी फारशी चूक केली नव्हती. फरक असा की ब्लॅकबर्नला मालक येण्यापूर्वी लोक होते. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी काढली त्यांपैकी तो एक. मालकाचा राग आला तर तेथे ओरडायला आजोबांपासूनचे लोक आहेत. त्यांच्या वाक्यांना कर्ता असतो, आणि ते त्याचे नाव घेतात. आमचा क्लब आठ वर्षांचा होता. पोरके होण्यासाठीसुद्धा आधी कोणाचे तरी असावे लागते, आणि आम्ही त्याचे होण्याच्या वाटेवर होतो, झालो नव्हतो.

त्या विद्यार्थ्याने पुढे बी.एड. केले आणि तो कोल्हापुरात शिक्षक झाला. काही वर्षांपूर्वी त्याने आम्हाला शाहू स्टेडियमवर सामना पाहायला बोलावले. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस: ही तेथल्या क्लबांची नावे. यांतल्या बहुतेकांचा उगम कुस्तीच्या तालमींत आणि पेठांत. गणपतीची वर्गणी जी माणसे गोळा करतात तीच बहुधा फुटबॉलची करतात. मैदानाच्या जवळ, पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून आम्ही तो सामना पाहिला. आमच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी समोरच्या संघाच्या बचावपटूचे घराणे, त्याच्या वडिलांचा खेळ आणि काकांचा गुडघा यांची सविस्तर माहिती दिली, आणि मग त्याला जी शिवी घातली ती येथे देता येणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे गोडवे गाणार नाही. तेथेही पुढारी बक्षिसे लावतात आणि आपले फलक लावून घेतात. आफ्रिकेतून खेळाडू आणले जातात, त्यांचे पैसे कोठून येतात हे विचारणारे थोडे. पेठापेठांतले वैर मैदानातून रस्त्यावर येते, पोलीस बंदोबस्त लागतो, स्पर्धा थांबवाव्या लागतात. त्या फुटबॉलची कीर्तीही जिल्ह्याबाहेर फारशी जात नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या अनिकेत जाधवसारखा एखादा मुलगा गाव सोडून गेला की मगच त्याचे नाव देशाला कळते.

पण सामना संपल्यावर आमच्या विद्यार्थ्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. तालमीच्या वर्गणीची पावती होती, पाचशे एक रुपयांची. तो म्हणाला, "सर, आमची तालीम हरली तर मी कमिटीतल्या काकांना चौकात गाठून विचारू शकतो, ह्या पोराला का खेळवलं. ते मला शिव्या देतील. पण उत्तर द्यावं लागतं त्यांना." थोडे थांबून म्हणाला, "पुण्यात आपण कुणाला गाठणार होतो?"

'आमची तालीम' आणि 'आपण कुणाला', हे दोन्ही शब्द त्याने बरोबर वापरले होते. मराठीला हा भेद करता येतो. इंग्रजीला येत नाही, असे आमचा इंग्रजीचा सहकारी नेहमी असूयेने म्हणतो. 'आमची' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. तालीम त्याची होती, आमची नव्हती. त्या शब्दात पेठेचा अभिमान आहे आणि तेच तिचे कुंपणही आहे. चादरीवर मात्र त्याने 'आपला क्लब' असे लिहिले होते. आठ वर्षांच्या क्लबला तो सर्वांना सामावणारे सर्वनाम देत होता. ते सर्वनाम खरे व्हायला दोन्ही बाजूंनी काही करावे लागले असते. मालकांनी गावाला कागदावर काही वाटा देणे, एखादी जागा, निदान विकण्यापूर्वी विचारण्याचा शब्द, हे एक. पण दुसरी बाजू आमची होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

पुणे एफसीच्या आयुष्यात आम्ही त्याच्या पुष्कळ सामन्यांना गेलो. किती वेळा फुकट प्रवेशिका घेऊन गेलो हे मोजवत नाही. क्लब विक्रीला आहे अशा बातम्या आल्या तेव्हा आम्ही त्यांवर चर्चा केली, उत्तम चर्चा केली. ज्यांचा व्यवसायच लिहिण्याचा आणि लिहायला शिकवण्याचा, अशा आम्हा तिघांपैकी एकानेही मालकांना, महासंघाला किंवा महापालिकेला एक पत्र लिहिले नाही. वाङ्मयीन नियतकालिकांच्या बाबतीतही आमचे असेच. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले यावर आम्ही दरवर्षी वर्गात हळहळतो. त्यानंतर आमच्या डोळ्यांदेखत एक चांगले मासिक संपले; त्याची आमची वर्गणी तीन वर्षे थकलेली होती. 'बंद पडले' हे क्रियापदही मोठे सोयीचे आहे. झाडावरून फळ पडावे तसे मासिक पडते, आणि खाली उभे असलेले वाचक आकाशाकडे पाहून उसासा टाकतात.

तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागेल. क्लब बंद झाला नाही, बंद केला. तो ज्यांच्या नावावर होता त्यांनी केला, कारण त्यांच्या इतर धंद्यांचे गणित तसे सांगत होते. त्यांना तो अधिकार होता आणि तो वापरण्यापूर्वी कोणाला विचारण्याची गरज नव्हती. विचारण्याची गरज नव्हती, कारण ती गरज निर्माण करणारे कोणी नव्हते. जे होऊ शकले असते ते पायऱ्यांवर बसून सामना पाहत होते, आणि त्या वाक्यात त्यांनी आपणहून प्रेक्षकाची जागा घेतली होती.

हे उत्तर आम्ही त्याला कोल्हापुरातच, स्थानकाकडे जाताना रिक्षात दिले. तो हसला. म्हणाला, "एवढं लांबचं नको सर. पुढच्या वर्षी वर्गणी द्या, म्हणजे झालं." त्याच्या तालमीच्या वर्गणीदारांच्या वहीत आता आमची तीन नावे आहेत. पावत्या नियमित येतात. तालमीने गेल्या हंगामात कोणाला खेळवले आणि का, याबद्दल आमची काही मते तयार झाली आहेत. ती आम्ही समितीला पत्राने कळवली असून उत्तराची वाट पाहत आहोत.